आक्काला आणायला गेलो तो रस्ता

पिंपरीत औषधांचा कारखाना उभा राहिला आणि मला तिथं काम मिळालं, त्या वर्षी मी सायकल घेतली. पिंपरी कॅम्पातल्या एका सिंधी दुकानदाराची ती जुनी सायकल होती. काळी, वजनदार, मागं भक्कम कॅरिअर असलेली. आमचं गाव इंद्रायणीच्या काठी, मोशीपासून नदीच्या वरच्या अंगाला. तिथून चिखलीच्या माळावरच्या गाडीवाटेनं पिंपरीला यायचं आणि शिफ्ट सुटली की त्याच वाटेनं परतायचं, हा माझा कैक वर्षांचा नेम. गावात दुसऱ्या कुणाकडं सायकल नव्हती. त्यामुळं सुरुवातीला मला फार मान मिळाला, आणि पुढं त्या मानाचं ओझं झालं.

सायकलवाल्याला तेव्हा रस्ते कळायचे ते काट्यांवरून. चिखलीच्या अलीकडं बाभळी होत्या, तिथं उतरून सायकल उचलून न्यायची. माळावर सराटे. मुंबईची सडक तेवढी डांबरी, तिच्यावर आलं की जीव भांड्यात पडायचा. सुट्टीच्या दिवशी मी उगाच भटकायचो. निगडीच्या पुढं देहूच्या बाजूला जायचो. निगडी म्हणजे तेव्हा थोडी घरं आणि चहूकडं गवत. कधी रहाटणीच्या मळ्यांतून पवनेच्या काठानं जायचो. आळंदीकडून वळसा घालून चाकणची सडक धरायची आणि कांद्याच्या शेतांतून नाशकाच्या दिशेनं दमेपर्यंत जात राहायचं, हे मला सगळ्यांत आवडायचं. आई म्हणायची, कामाधंद्याशिवाय एवढं हिंडणारा माणूस एक तर वेडा असतो नाही तर त्याचं लग्न झालेलं नसतं. माझ्या बाबतीत दुसरं खरं होतं.

मग गावानं माझ्या हिंडण्याला काम जोडून दिलं.

गावात कुणी गेलं की सोयऱ्यांच्या गावी सांगावा धाडावा लागायचा. हे काम पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेरच्या वस्तीवर लादलेलं होतं. ऊन असो, पाऊस असो, त्यांच्यातल्या कुणी तरी उठायचं, पायी दहा गावं करायची, सोयऱ्याच्या अंगणाबाहेर उभं राहून सांगायचं आणि शिळी भाकर घेऊन परतायचं. त्या वर्षांत त्या वस्तीनं गावकीची असली सगळी कामं टाकून दिली. बरंच केलं. पण गावातल्या मोठ्या माणसांना तो अपमान वाटला, आणि चावडीवर पुष्कळ तोंडं वाजवून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की मढं काही भाषणं ऐकत थांबत नाही. तेव्हा त्यांना माझी सायकल आठवली.

त्या कामाचेही रिवाज होते, ते मला एका म्हाताऱ्यानं शिकवले. सांगावा घेऊन जाणाऱ्यानं सोयऱ्याच्या घरात बसायचं नाही, पाणी प्यायचं नाही, सांगून लगेच फिरायचं. आणि बाईमाणसाला, त्यातून सासरी असलेल्या लेकीला, खरं कधी सांगायचं नाही. तिला म्हणायचं, ‘तब्येत बरी नाही, तुम्हाला बोलावलंय.’ खरं काय ते तिच्या सासऱ्याच्या नाही तर नवऱ्याच्या कानात. लेक माहेरच्या दारात पोचली की तिचं तिला कळतंच. ही दया आहे असं सगळे समजत. मीही समजत होतो.

थंडीचे दिवस होते. रात्रपाळी करून मी नुकताच घरी आलो होतो आणि चुलीपुढं हात शेकत बसलो होतो. तेवढ्यात भिंतीपलीकडून रडण्याचा आवाज आला. शेजारच्या घरातले आबा गेले होते. पहाटे उठून गोठ्यात गेले, बैलांना वैरण टाकली आणि तिथंच दावणीपाशी बसले ते उठलेच नाहीत. माझे वडील लवकर गेलेले, त्यामुळं लहानपणी बैलगाडी हाकायला मला आबांनीच शिकवलं होतं. तापट माणूस. बोलला की चार घरांना ऐकू जायचं. पण मनात काही ठेवायचा नाही, असं सगळे म्हणत, आणि ते एक माणूस सोडून सगळ्यांच्या बाबतीत खरं होतं.

ते एक माणूस म्हणजे त्यांची थोरली लेक. तिला सगळा गाव आक्का म्हणायचा. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. चाकणच्या पलीकडं, भामा नदीच्या काठच्या गावात तिला दिली होती. तिच्या धाकट्या भावाच्या लग्नात भर मांडवात तिच्या नवऱ्याला फेटा बांधायचा राहिला. चुकून राहिला, मुद्दाम नाही, पण राहिला. आक्का बापाच्याच रक्ताची. ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता बांधा. आबा म्हणाले, एका फेट्यापायी जायचं असेल तर जा. ती गेली. जाताना वेशीत उभी राहून सगळ्यांदेखत म्हणाली, ‘आता आबा आधी बोलल्याबिगर मी बोलायची न्हाई.’ आबांनी ते ऐकलं आणि तेही अडून बसले. सणाला लेकीला माहेरी आणायला घरचं माणूस जातं, त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात. त्या भांडणानंतर दिवाळी आली नि गेली, दुसरी आली नि गेली, आबांनी मुराळी धाडला नाही. तिकडं लेक वाट बघायची आणि इकडं बाप ओसरीवर बसून चाकणच्या दिशेनं बघायचा. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आबांच्या बायकोनं एकच धरून ठेवलं, लेकीला तोंड दिसल्याशिवाय उचलायचं नाही. आबांचा धाकटा भाऊ घरातला कर्ता. तो म्हणाला, ‘सूर्य मावळायच्या आत आली तर बगंल तोंड. मावळल्यावर आगीन देता येत न्हाई.’ मग मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘तिच्या सासऱ्याला तेवढं खरं सांग. तिला रस्त्यात कायबी कळू देऊ नकोस. सायकलवरनं पडली तर एकाच्या जागी दोन व्हतील.’ मी तसाच, न जेवता, सायकलवर बसलो.

मोशीला नाशकाची सडक लागली. त्या वेळी ती सडक रिकामी असायची. आता त्याच बाजूला कंपन्यांची फाटकं आहेत आणि ट्रेलरांच्या रांगांमुळं सायकल काय, माणूससुद्धा रस्ता ओलांडू शकत नाही. तेव्हा मला चाकणपर्यंत कांद्याच्या गाड्या आणि एक एसटी तेवढी भेटली. चाकणपासून पुढं भामेकडं जाणारी वाट कच्ची. ज्वारी कमरेच्या वर आलेली, दोन्ही बाजूंनी पाती अंगाला लागायची. झोप नव्हती, पोटात काही नव्हतं, पण दमल्याचं आठवत नाही. मला एवढंच वाटत होतं की आक्का घरी असू दे, रानात लांब गेलेली नसू दे.

ती घरीच होती. अंगणात धान्य पाखडत होती. तिनं मला पाहिलं, सायकल पाहिली, आणि सूप तसंच टाकून उठली.

‘काय रं, मुराळी झालास व्हय?’ ती म्हणाली, आणि सासूला ऐकू जावं म्हणून घरात तोंड करून ओरडली, ‘अत्याबाई, बघा की, आबांनी मुराळी धाडला!’

एवढा आनंद मी त्या बाईच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. ती माझ्यासाठी तांब्या भरून पाणी आणि गूळ घेऊन आली. पाणी घ्यायचं नाही हा रिवाज मला ठाऊक होता. पण न घ्यावं तर तिला संशय येणार. मी पाणी प्यायलो. गुळाचा खडा मात्र तोंडात टाकता येईना, तो मुठीतच धरून ठेवला.

तिचे सासरे गोठ्यातून आले. मी त्यांना गोठा दाखवा म्हणून मागं नेलं आणि सांगितलं. म्हातारा शहाणा होता. त्यानं फक्त डोळे मिटले आणि उघडले. तिचा नवरा गाडी घेऊन खेडच्या बाजाराला गेलेला. तो येईपर्यंत थांबलं तर दिवस बुडाला असता. ‘पाव्हणं, तुमी न्या तिला सायकलवर,’ ते म्हणाले. ‘गाडी आली की आमी मागनं येतो.’ मग अंगणात येऊन त्यांनी सुनेला सांगितलं, आबांना जरा बरं नाही, तिला बोलावलंय, निघावं लागेल.

तिचं तोंड उतरलं, पण क्षणभरच. ‘आजारी पडल्यावर आठवन झाली व्हय लेकीची,’ ती म्हणाली. रागानं म्हणाली, पण लुगडं बदलायला पळतच गेली.

त्या काळात बाईमाणूस सायकलवर मागं बसून निघालेलं कुणी पाहिलेलं नव्हतं. गावातून बाहेर पडेपर्यंत दोन्ही बाजूंना माणसं उभी. आक्कानं पदर ओढून घेतला, एका हातानं सीटची स्प्रिंग धरली, आणि एका अंगाला पाय सोडून ताठ बसली. ज्वारीची रानं लागली तशी तिला कंठ फुटला.

ती सगळा रस्ता बोलत होती. तेच मला अजून ऐकू येतं. ‘मी आधी बोलायची न्हाई बघ. खाटंपाशी बसंन, पाय चेपंन, पेज भरवंन, पन बोलायची न्हाई. त्यांनी पोरी म्हनून हाक मारली पायजे.’ मग थोड्या वेळानं, ‘खोकला हाय का त्यांना? दरसाल थंडीत खोकत्यात.’ मी हूं म्हणालो. ‘फार खोकत्यात?’ मी पुन्हा हूं म्हणालो. ‘म्हंजे बरं न्हाई ते खरंच हाय तर. मला वाटलं, आजाराचं निमित्त करून बोलावलं.’ आणि ती हसली. बाप आजाराचं खोटं निमित्त करून आपल्याला बोलावतोय, असं तिला वाटत होतं आणि ते तिला आवडलं होतं.

मी पायडल मारत होतो. पाठीमागून आवाज येत होता आणि मला मागं वळून बघता येत नव्हतं, हे एका परीनं बरंच होतं.

चाकण आलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. महादेवाच्या देवळाचा कळस दिसला तशी ती म्हणाली, ‘थांबव.’ मी म्हणालो, ‘आक्का, उशीर व्हतोय.’ ती म्हणाली, ‘आजारी मानसाला अंगारा न नेता जायाचं? घटकाभरानं काय बिघडतं?’ काय बिघडतं ते मला सांगता येत नव्हतं. अर्धं सांगायचं आणि अर्धं ठेवायचं, हा आमचा शहाणपणा. पण जिला बाप आजारी आहे एवढंच सांगितलंय, ती आजारी बापासाठी जे करायचं ते करणारच, हे त्या शहाण्यांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ती उतरली आणि देवळाकडं गेली. पुजारी जागेवर नव्हता. त्याला घरून बोलावून आणला. मी बाहेर सायकल धरून उभा. देवळाची सावली पायरी पायरीनं माझ्याकडं सरकत होती आणि मला त्या पुजाऱ्याचा, त्या देवाचा, गावातल्या सगळ्या कर्त्या माणसांचा संताप येत होता.

ती आली. पदराच्या गाठीत अंगारा बांधलेला. आता तिचा चेहरा वेगळा होता. कॅरिअरवर बसता बसता म्हणाली, ‘नवस बोलले रं. म्हनलं देवा, मी हट्ट सोडते. आबांना बरं कर, मीच आधी बोलंन.’

मी सायकल हाणली. 

कुरुळीच्या अलीकडं चढ आहे. तिथं उतरून आम्ही दोघं चालत निघालो. ती पुढं पुढं पाय उचलत होती, दम लागला तरी बोलायची थांबत नव्हती. फेट्याची गोष्ट तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितली, पण आता चूक स्वतःकडं घेऊन. ‘लगीनघर हाय, कायबी राहतं. मीच जरा जास्त केलं. तेबी आता म्हातारे झाले.’ मला तेव्हा वाटलं, इथं सांगावं. रस्त्यावर कुणी नव्हतं. ती बसली असती बांधावर, रडली असती पोटभर. मी ‘आक्का’ म्हणालोही. ती वळली आणि म्हणाली, ‘काय?’ तिच्या कपाळावर घाम होता आणि डोळ्यांत घाई होती. रडून मोकळी व्हायला जेवढा वेळ लागला असता तेवढा सूर्य शिल्लक नव्हता. मी म्हणालो, ‘बस, उतार लागला.’

उतारावर मी ब्रेकला हात लावला नाही. चिंबळी मागं टाकली, मोशीला इंद्रायणी ओलांडली आणि सडक सोडून गावाच्या वाटेला लागलो. आमच्या रानाच्या बांधावर गावातला एक माणूस उभा होता. त्यानं डोक्यावरचं मुंडासं काढलं, मला हात केला आणि नदीकडं बोट दाखवलं. आक्का दुसऱ्या अंगाला पाय सोडून बसलेली, तिला तो दिसला नाही. मला कळलं. वाट बघून बघून त्यांनी आबांना उचललं होतं.

पुढं वाट फुटते. डावीकडची चढून वेशीत जाते आणि उजवीकडची खाली नदीला. खालच्या वाटेवर ना मळा, ना घर, ना देऊळ. ती वाट घाटावर जाते, आणि आमच्याकडं बायका घाटावर जात नाहीत. मी तिला घरी सोडलं असतं तर मला कुणी बोल लावला नसता. दारात पोचवली की सांगावा घेऊन गेलेल्या माणसाचं काम संपलं. घरी तिला रडणाऱ्या बायका भेटल्या असत्या, आईच्या गळ्यात पडायला मिळालं असतं. फक्त ते तोंड मिळालं नसतं. मी हँडल उजवीकडं वळवलं.

ती बोलत होती. आबांना आवडते म्हणून उद्या शेंगांची चटणी करायची, असं काही तरी चाललं होतं. मग म्हणाली, ‘आरं, चुकलास. घर वर ऱ्हायलं.’

मी सायकल तशीच खाली घेतली.

‘आरं, ही वाट तर...’ ती म्हणाली आणि तिथंच थांबली. त्या गावात जन्मलेल्या मुलीला ती वाट कुठं जाते हे सांगावं लागत नाही. ती ओरडली नाही. रडलीही नाही. माझा सदरा पाठीवर तिच्या मुठीत गच्च आवळला गेला, एवढंच मला कळलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि समोरचं दिसेना, तरी मी पायडल मारत राहिलो.

नदीच्या वाळूत सायकल रुतली. मी उतरायच्या आत ती उडी टाकून पळत सुटली. पदर खांद्यावरून खाली आलेला, पाय वाळूत फसतायत, आणि ती पळतेय. मी सायकल तिथंच टाकली आणि मागं धावलो. चितेवर लाकडं रचून झाली होती. तोंड तेवढं उघडं होतं. आबांचा थोरला मुलगा हातात विस्तव घेऊन उभा. सूर्य देहूच्या डोंगरावर येऊन टेकायच्या बेतात होता.

आबांचा भाऊ आडवा आला. ‘बायामानसांनी हितं यायचं न्हाई,’ तो म्हणाला, आणि माझ्याकडं बघून ओरडला, ‘कुनी आनली हिला घाटावर?’

‘म्या आनली,’ मी म्हणालो.

त्याला आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण आक्का त्याच्या बाजूनं निघून गेली होती. ती चितेपाशी गेली. आबांच्या तोंडाकडं तिनं बघितलं. मला वाटलं, आता ती आक्रोश करणार. घाटावरची सगळी माणसं त्याचीच वाट बघत होती. तिनं तसं काही केलं नाही. दोन्ही हातांत बापाचं तोंड धरलं आणि, घरी खाटेपाशी बसून बोलावं तशा साध्या आवाजात म्हणाली, ‘आबा, मी बोलले बघा. मीच आधी बोलले. आता तुमी बोला.’

आणि ती थांबली. खरोखर उत्तराची वाट बघत थांबली.

आबांचा भाऊ तोंड फिरवून नदीकडं बघायला लागला. मुलानं हातातला विस्तव खाली वाळूत ठेवला. सूर्य डोंगराआड गेला, घाटावर अंधारून आलं, तरी तिला बाजूला हो म्हणायला कुणी पुढं झालं नाही.